यीशिंगचा टीपॉट तपासायला देण्याआधी

व्हॉट्सॲपवर आमच्याकडे सर्वांत जास्त येतो तो टीपॉटच्या बुडावरच्या, कारागिराच्या नावाच्या शिक्क्याचा फोटो. खाली प्रश्न : "किती जुना? किती येतील?" तेवढ्यावरून उत्तर देता येत नाही. आम्ही आणखी फोटो मागवतो, तुम्ही शिक्काच जरा जवळून काढून पाठवता, आणि यात आठवडा जातो.

शिक्क्यावर भिस्त का ठेवायची नाही? चीनच्या ज्यांगसू प्रांतातल्या यीशिंगमध्ये झाडाचं खोड, कमळ, फळं अशा घाटांचे टीपॉट घडवणाऱ्यांत चेन मिंगयुआनचं नाव सर्वांत मोठं. तो कांगशी बादशहाच्या काळातला, म्हणजे सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याची सुरुवात. पण त्याच्या नावाचे शिक्के त्याच्यामागेही उमटतच राहिले. १९३०च्या दशकात शांघायच्या व्यापाऱ्यांनी यीशिंगचे निवडक कारागीर बोलावून जुन्या उस्तादांच्या नकला करवून घेतल्या. पुढे स्वतः नामांकित झालेले गू जिंगझोऊ आणि जियांग रोंग त्यांत होते. त्या नकलांनाच आज संग्राहक शोधत असतात! उलट 'चीन, यीशिंग' असा चार चिनी अक्षरांचा शिक्का असेल, तर काम सोपं : तो कारखान्याचा माल, १९५०च्या आधीचा नाही.

म्हणून फोटो काढा ते आतल्या बाजूचे. झाकण काढून, खिडकीच्या उजेडात. हे टीपॉट चाकावर होत नाहीत. मातीच्या पट्ट्या थापून, सांधून उभे करतात, त्यामुळे आत सांध्याच्या खुणा राहतात. तोटीच्या मुळाशी एकच भोक आहे की चेंडूसारखी फुगीर जाळी, तेही दिसू द्या. अशी जाळी बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. मग फांदी किंवा पान अंगाला जिथे भिडतं, ती जागा. हाताने लावलेल्या पानाची कड धारदार असते, ओतीव मालात ती बोथट दिसते. साच्याची खूण दिसली की लगेच नकली ठरवू नका, साचे जुन्या कारागिरांनीही वापरले आहेत.

दाखवण्याआधी घासू नका. या मातीवर झिलई नसते, साबण ती शोषून घेते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे. काळपट चकाकी मात्र कधी कधी बुटाच्या पॉलिशची असते. आत गरम पाणी ओतून वास घ्या.

नुसतं बघायची फी कशाला, असं काही जण विचारतात. वस्तू हातात घेऊन आत-बाहेर तपासायला वेळ लागतो, आणि निष्कर्ष आम्ही सहीनिशी लिहून देतो. आमच्याकडून घेतलेल्या टीपॉटबरोबर हा कागद फुकट. आम्ही कारखान्याचा माल कारखान्याचाच म्हणून विकतो. रोज चहा प्यायला तो उत्तमच.

मुलाकडे परदेशी पाठवायचा असेल, तर वय आधीच तपासून घ्या. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

कुरिअरने पाठवताना झाकण वेगळं गुंडाळा, आणि तोटीभोवती कागद दाबून भरू नका.