त्रिकास्थीचा कॉर्डोमा : शस्त्रक्रिया

कमरेच्या मणक्यांखाली आणि माकडहाडाच्या वर, पाच मणके जुळून झालेले त्रिकोणी हाड म्हणजे त्रिकास्थी. गर्भातील पृष्ठरज्जूच्या (मणके होण्याआधीच्या आधारदांड्याच्या) उरलेल्या पेशींपासून इथे होणारी कर्करोगाची गाठ म्हणजे कॉर्डोमा. शरीरातील सर्व जागा धरूनही दर दहा लाखांत वर्षाला साधारण एकालाच तो होतो. बहुधा चाळिशीनंतर, पुरुषांत अधिक.

गाठ सावकाश, पुढे ओटीपोटाकडे वाढते, म्हणून बाहेरून दिसत नाही. बसताना माकडहाड दुखते, शौचाला साफ होत नाही, लघवी अडते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘गादी सरकली’ म्हणून शेक आणि पट्ट्यावर महिने निघून जाऊ शकतात. कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये त्रिकास्थीचा खालचा भाग पुष्कळदा येतच नाही. दुखणे बसण्याच्या जागी असेल तर त्रिकास्थीचाही एमआरआय करायला डॉक्टरांना सांगावे.

तुकडा तपासण्याची सुई पाठीमागूनच घालतात, कारण सुईची वाटही पुढे गाठीबरोबर कापून काढायची असते. गुदाशयातून सुई घालणे टाळतात. ही तपासणी शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाच्या सल्ल्यानेच व्हावी.

गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी भागासह अखंड काढणे हेच शस्त्रक्रियेचे मर्म. ती फुटली तर पेशी सांडतात आणि रोग तिथेच उलटतो; मग दुसरी शस्त्रक्रिया पहिलीइतकी निर्मळ होणे फार अवघड. खालच्या गाठी पाठीमागून निघतात, वरच्यांसाठी बहुधा पोटही उघडावे लागते. कोणत्या नसा वाचतात यावर रुग्णाचे पुढचे जगणे ठरते. त्रिकास्थीतील दुसऱ्या नसांची जोडी आणि तिसऱ्यांपैकी निदान एक राहिली, तर मलमूत्रावरचा ताबा बहुतेकदा टिकतो. पूर्ण त्रिकास्थी काढल्यास तो ताबा जातो आणि कमरेचे मणके श्रोणीच्या (ओटीपोटाभोवतीच्या) हाडांना स्क्रू व सळ्यांनी जोडतात. हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच, त्यांना कळेल अशा भाषेत सांगायला हवे. जखम चिघळणे ही नेहमीची गुंतागुंत. पोकळी भरण्यासाठी नितंबाचा स्नायू वळवून घेतात.

नेहमीच्या केमोथेरपीचा उपयोग जवळजवळ होत नाही. किरणोपचारांत प्रोटॉन उपयुक्त. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील विभागात ते 2023 पासून मिळतात. त्याच वर्षी महाराष्ट्राने सीमाभागातील 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. मुंबईस किंवा बेंगळुरूच्या किदवाई कर्करोग संस्थेत जाण्याआधी कोणत्या योजनेत कोणता उपचार बसतो हे विचारून घ्यावे. गाठ अनेक वर्षांनीही उलटू शकते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ ठरावीक अंतराने एमआरआय करत राहावे लागते.