खासगी मेल सर्व्हरवरची स्पॅमची चाळण

ई-मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेणारा एसएमटीपी हा नियमसंच जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला, तेव्हा पाठवणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानायचे, असेच त्यात गृहीत धरलेले होते. वास्तविक त्याच्या चार वर्षे आधी, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या सुमारे चारशे जणांना संगणकांची जाहिरात पाठवून बोलणी खाल्ली होती. पण त्यावरून नियम बदलण्याइतके कोणी ते मनावर घेतले नाही. आज भाड्याच्या लिनक्स यंत्रावर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम बसवून स्वतःच्या डोमेनचा मेल स्वतः सांभाळू पाहणाऱ्याच्या वाट्याला या विश्वासाची किंमत पहिल्याच आठवड्यात येते.

स्पॅम गाळणे म्हणजे मजकुराची तपासणी, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात बरीचशी गाळणी पत्राचा एक शब्दही न वाचता होऊ शकते. एसएमटीपीच्या संभाषणात पहिले बोलण्याचा मान सर्व्हरचा असतो: तो २२० या आकड्याने सुरू होणारी ओळ पाठवतो आणि मगच समोरच्याने आपली ओळख सांगायची असते. पोस्टफिक्समधील पोस्टस्क्रीन हा भाग इथे एक खोडी करतो. तो २२० नंतर एक आडवी रेघ जोडतो, जिचा अर्थ ‘अजून ओळी यायच्या आहेत’ असा होतो, आणि मग साधारण सहा सेकंद गप्प बसतो. नियमाने चालणारा सर्व्हर थांबतो. एका तासात शक्य तितकी पत्रे खपवायला निघालेला स्पॅमचा प्रोग्राम मात्र २२० दिसताच बोलू लागतो आणि तिथेच पकडला जातो.

याच टप्प्यावर काळ्या याद्यांचा, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांच्या पत्त्यांच्या याद्यांचा, उपयोग होतो. समोरच्या यंत्राचा पत्ता १९२.०.२.२५ असेल, तर त्याचे आकडे उलटे करून, म्हणजे २५.२.०.१९२ असे लिहून, त्यापुढे यादीचे नाव जोडले जाते आणि डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेला, साधा प्रश्न विचारला जातो. उत्तर आले नाही तर पत्ता यादीत नाही, १२७.०.०.२ सारखे उत्तर आले तर तो यादीत आहे. अशा याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेची झेन ही यादी यासाठी सर्रास वापरतात आणि लहान, बिगरव्यावसायिक वापराला ती फुकट आहे. मात्र हा प्रश्न गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारला, तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते, ज्याचा अर्थ ‘या वाटेने विचारू नका’ एवढाच असतो. ‘काहीही उत्तर आले की नाकारा’ अशी मांडणी केलेला सर्व्हर अशा वेळी जगातून येणारे प्रत्येक पत्र परत पाठवू लागतो. म्हणून अनबाउंडसारखा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न थेट विचारणारा प्रोग्राम, त्याच यंत्रावर बसवणे आणि कोणते उत्तर ग्राह्य धरायचे ते स्पष्ट लिहिणे, ही दोन कामे यादी जोडण्याच्या आधीची आहेत.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ओळख पडताळण्याच्या तीन पद्धतींबद्दल थोडक्यात एवढेच, की पत्र ज्या डोमेनचे म्हणवते त्या डोमेनने ते पाठवू दिले आहे का, हे त्यांतून कळते. पाठवणाऱ्याचा हेतू त्यांतून कळत नाही. काल विकत घेतलेल्या डोमेनवर तिन्ही नोंदी चोख ठेवणारे स्पॅमवाले कमी नाहीत, त्यामुळे या तपासण्या उत्तीर्ण झालेल्या पत्राला भरघोस सवलत देणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

इथवर टिकलेल्या पत्रांचा मजकूर तपासण्यासाठी आरस्पॅमडी किंवा जुना स्पॅमअसॅसिन वापरतात, आणि दोघांतही बेजच्या प्रमेयावर, म्हणजे पुराव्यावरून शक्यता मोजण्याच्या गणिती नियमावर, चालणारा एक भाग असतो. १९९८ मध्ये मेहरान सहामी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत स्पॅमला लावून पाहिली. ऑगस्ट २००२ मधल्या पॉल ग्रॅहम यांच्या लेखानंतर ती सगळीकडे पसरली. तिचा हिशोब कागदावर करता येतो. समजा, चारशे स्पॅम आणि चारशे चांगली पत्रे शिकवली, आणि एक शब्द स्पॅमपैकी नव्वद पत्रांत व चांगल्यांपैकी दहा पत्रांत आढळला. म्हणजे तो शब्द असलेले पत्र स्पॅम असण्याची शक्यता ०.९. त्याच पत्रात ०.८ शक्यतेचा दुसरा शब्द आहे. दोन्ही शक्यतांचा गुणाकार ०.७२, त्यांच्या उलट शक्यतांचा, म्हणजे ०.१ आणि ०.२ यांचा गुणाकार ०.०२, ०.७२ ला ०.७४ ने भागले की ०.९७ येते. आता त्यात ०.०५ शक्यतेचा, म्हणजे बहुतेक चांगल्याच पत्रांत येणारा एक शब्द मिळवा: उत्तर ०.६५ वर येते. तसाच आणखी एक मिळवा: ०.०९. दोन ओळखीच्या शब्दांनी पत्र सुटते.

म्हणूनच ही चाळण ज्याची त्याची असते. ज्याच्या पत्रव्यवहारात ‘सातबारा’, ‘सोसायटी’, ‘स्नेहसंमेलन’ हे शब्द रोजचे आहेत, त्याच्यासाठी ते पत्र चांगले असल्याचा भक्कम पुरावा ठरतात, आणि त्याच्याकडे येणारा स्पॅम बहुतांशी इंग्रजी असेल तर मराठीतला पत्रव्यवहार आपोआपच सुरक्षित बाजूला जातो. उलट त्याच्या इंग्रजी पत्रांना, विशेषतः बँकेच्या आणि विमा कंपनीच्या, धोका अधिक. तेव्हा शिकवताना चांगल्या पत्रांत इंग्रजी भरपूर घालावीत. दोन्ही बाजूंची किमान दोनशे पत्रे शिकवल्याशिवाय हा भाग मूळ मांडणीत तोंडच उघडत नाही. पुढचे शिक्षण मेलचे फोल्डर सांभाळणाऱ्या डोव्हकॉट या प्रोग्रामवर सोपवता येते: पत्र जंक फोल्डरमध्ये हलवले की ते स्पॅम म्हणून आणि तिथून बाहेर काढले की चांगले म्हणून शिकवले जाईल, अशी जोडणी करता येते.

सगळ्या तपासण्यांनी पत्राला दिलेले संशयाचे गुण शेवटी एकत्र होतात. आरस्पॅमडीच्या मूळ मांडणीत चार गुणांना ग्रेलिस्टिंग, सहाला पत्रावर स्पॅमची खूण आणि पंधराला नकार मिळतो. ग्रेलिस्टिंग म्हणजे ‘थोड्या वेळाने या’ असे सांगणे. प्रामाणिक सर्व्हर परत येतो, घाईतला प्रोग्राम बहुधा येत नाही. सरसकट सगळ्यांनाच हे लावले तर ओटीपीची मुदत संपल्यावर ओटीपी पोचतो, म्हणून केवळ संशयित पत्रांपुरते ते ठेवावे. नकार मात्र जोडणी चालू असतानाच द्यायला हवा. सर्व्हरने २५० म्हणजे ‘मिळाले’ असे म्हटले की पत्राची जबाबदारी त्याची झाली. त्यानंतर ते परत पाठवू लागल्यास ते, पाठवणारा म्हणून ज्याचे नाव खोटे घातले आहे, त्या तिऱ्हाइताच्या डोक्यावर जाऊन पडते, आणि असे पुष्कळदा झाले तर आपल्याच यंत्राचा पत्ता काळ्या यादीत जाऊ शकतो. मिल्टर या, तपासणीचे प्रोग्राम पोस्टफिक्सला जोडण्याच्या सोयीने जोडलेला आरस्पॅमडी नेमका त्या २५० च्या आधी निकाल देतो. सुरुवातीचे काही आठवडे नकार बंद ठेवून केवळ खूण करू द्यावी, जंकमध्ये जाणाऱ्या प्रत्येक पत्राचे गुण कशावरून पडले ते त्याच्या शीर्षनोंदींत (हेडरमध्ये) वाचावे, आणि पंधराची रेषा खाली आणायची की नाही ते मग ठरवावे.