पुलावरची गार हवा

"मामा, नाल्याच्या पुलावर एकदम गार लागते, अन् चढ चढलो की पुन्हा ऊब. लोकं म्हणतात, तिथं काहीतरी हाये." डिसेंबरातल्या एका निरभ्र रात्री भाचा काटोलहून मोटरसायकलनं नागपूरला परतला होता. त्या पुलाच्या कठड्यापाशी ठेवलेले लिंबू-नारळ मीही पाहिले आहेत. गारवा खराच आहे. पण त्याचं कारण इतकं देखणं आहे, की ते भुताच्या नावावर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि झपाट्यानं थंड होते. तिला चिकटलेली हवाही गार, म्हणजेच जड होते. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात: खाली गार, वर उबदार. जड हवा उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि खोलगट जागी साचते. आपलं नागपूर सपाट वाटतं, पण पश्चिमेला नाग नदी उगम पावते तो लाव्हा गावाकडचा उंचवटा आहे, सेमिनरी हिल्स आहे, खाली फुटाळा तलावाचा खोलगा आहे. पेपरात येणारं किमान तापमान सोनेगावच्या वेधशाळेचं असतं. त्याच रात्री एखाद्या नाल्यात पारा त्याच्याही खाली असू शकतो. मोबाइलवरचा एकच आकडा सगळ्या शहराला लावणं चूक आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. अशी थरांची हवा स्प्रिंगसारखी वागते. खालची हवा थोडी वर ढकलली तर ती आजूबाजूच्या हवेपेक्षा जड ठरते, परत खाली येते, वेगात आणखी खाली जाते, पुन्हा वर येते. समजा, १०० मीटरवरची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा ४ अंशांनी उबदार आहे. मग असा एक हेलकावा साधारण अडीच मिनिटांचा होतो. सेकंदाला दीड मीटर वेगानं वाहणारी झुळूक अशा हवेत जेमतेम ३५ मीटर चढू शकते. टेकडी त्याहून उंच असली, तर पायथ्याची हवा तिच्यावरून न जाता वळसा घालून जाते. दिवसा हाच वारा तीच टेकडी सहज ओलांडतो.

मग रात्रीची हवा पूर्ण गोठून का जात नाही? वरचा थर खालच्यापेक्षा वेगानं सरकत असेल, तर दोन्हींच्या घासण्यातून भोवरे उठू शकतात. यालाच संक्षोभ म्हणतात. थरांची स्प्रिंग तो दाबते, वेगातला फरक त्याला पोसतो. या दोघांची तुलना ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२० मध्ये मांडली. स्प्रिंगच्या वारंवारितेचा वर्ग भागिले उंचीनुसार वेग बदलण्याच्या दराचा वर्ग, हा रिचर्डसन अंक. तो सगळीकडे पावाच्या, म्हणजे ०.२५ च्या वर असेल, तर लहानसहान लाटा वाढून फुटू शकत नाहीत, हे १९६१ मध्ये गणितानं सिद्ध झालं. वरच्या उदाहरणात तो पावाखाली आणायला १०० मीटरमध्ये वाऱ्याच्या वेगात सेकंदाला ८ मीटरहून जास्त फरक हवा.

हा फरक शांततेतूनच तयार होतो. संक्षोभ थांबला की वरच्या थरावरची जमिनीची ओढ सुटते आणि तो भरभर वाहू लागतो. खालचा जागीच असतो. फरक वाढत वाढत अंक पावाखाली घसरतो, थराच्या लाटा गुंडाळून फुटतात आणि वरची उबदार हवा खाली फेकली जाते. त्यात वेगातला फरकही मिटतो, आणि पुन्हा शांतता. उंचसखल जमिनीवर हे एकाच वेळी घडत नाही. टेकडीच्या धारेवर वारा दाबला जाऊन वेग घेतो, तिथे भोवरे लवकर उठतात. आडोशाच्या नाल्यातला गारवा शेवटपर्यंत टिकतो.

पुढच्या निरभ्र रात्री मी भाच्यासोबत त्याच पुलावर गेलो आणि कठड्याच्या फटीत उदबत्ती खोचली. धूर हातभर वर चढला, मग आडवा झाला आणि नाल्याच्या उताराकडे सावकाश सरकू लागला. बराच वेळ तसाच. मग एकाएकी तो विस्कटला, आमच्या गालांना ऊब लागली, पळसाची पानं सळसळली. थोड्या वेळानं धूर पुन्हा आडवा झाला.