एमआरआय मशीन ‘बंद’ नसतं

एमआरआयच्या खोलीतला ठकठकाट थांबला की बाहेर बसलेल्या माणसाला वाटतं, मशीन बंद झालं. तो आवाज असतो ग्रेडियंट कॉइलचा, म्हणजे मुख्य चुंबकाच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा. तपासणी चालू असताना त्यांतला प्रवाह झपाझप बदलतो आणि कॉइल थरथरतात. मुख्य चुंबक मात्र अगदी मुका. त्याची तार द्रवरूप हीलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवलेली असते. एवढ्या थंडीत तारेचा विद्युतरोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. रात्री, रविवारी, अगदी वीज गेली तरी. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) मशीनचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण ३० हजार पट असतं.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात ३२ वर्षांचा एक तरुण या चुंबकाकडे खेचला गेला आणि दगावला. तो पेशंट नव्हता. तपासणीसाठी आणलेल्या नातेवाइकाचा ऑक्सिजन सिलिंडर त्याच्या हातात होता. ‘मशीन बंद आहे’ असं तिथल्या कर्मचाऱ्यानं सांगितल्याचं घरच्यांचं म्हणणं होतं. एक डॉक्टर आणि दोन कर्मचाऱ्यांना अटक झाली.

पोलादी सिलिंडर घेऊन आत शिरणाऱ्याला पहिल्या काही पावलांत फारसं काही जाणवत नाही. ओढ हळूहळू वाढत नाही, चुंबकाच्या तोंडाशी ती एकदम उसळते. हाताला कळेपर्यंत सिलिंडर सुटलेला असतो. चुंबक तातडीनं विझवायचं बटण असतं, पण ते दाबल्यावर हीलियम उकळून बाहेर फेकला जातो आणि क्षेत्र ओसरायला काही वेळ जातोच. सुटलेल्या सिलिंडरला त्याचा उपयोग नाही.

अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की हा अपघात नवा नव्हता. २००१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा मशीनमध्ये असताना भिंतीतल्या नळीतून ऑक्सिजन येईना. घाईघाईत कुणीतरी सिलिंडर आत आणला आणि तो थेट मुलावर जाऊन आदळला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं नियमावली काढली. एमआरआय विभागाचे चार टप्पे पाडायचे: पहिला सर्वांना मोकळा, दुसऱ्यात पेशंटची विचारपूस, तिसऱ्यात तपासल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही आणि चौथा म्हणजे चुंबकाची खोली.

नियम चांगलाच आहे. पण पेशंटला प्रशिक्षित कर्मचारीच आणणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. आपल्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत स्ट्रेचर ढकलतो भाऊ, केसपेपर सांभाळते वहिनी आणि सिलिंडर उचलतो जावई. वॉर्डबॉय आणि आया, म्हणजे रुग्णालयातले ‘मामा’ आणि ‘मावशी’, कमी, पेशंट रांगेत. थोडक्यात, नातेवाईक हा आपल्याकडे बिनपगारी वॉर्डबॉय असतो, आणि त्याला चुंबकाबद्दल कुणी काही शिकवलेलं नसतं.

अशा वेळी कोर्ट विचारतं, निष्काळजीपणा कुणाचा? ते विचारायलाच हवं. डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात दोषी धरायचं तर निष्काळजीपणा अगदी गंभीर स्वरूपाचा असला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं. पण दोषी सापडला तरी सिलिंडर आत कसा पोचला, हे कोडं उरतंच. मुंबईत एकदा तरी चौकशी वॉर्डाच्या पुढं गेली होती. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, १४ पेशंट दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं बाटली देणाऱ्या हातापाशी न थांबता खरेदी, औषध प्रशासन आणि थेट मंत्रालयापर्यंत माग काढला.

गंमत म्हणजे सिलिंडर बनवणाऱ्यांनी एका वेगळ्या चुकीचा बंदोबस्त कधीच करून ठेवलाय. भूल देण्याच्या मशीनला लावायच्या छोट्या सिलिंडरच्या तोंडाशी, क्रमांक ठरवून दिलेल्या जागांपैकी दोन जागी भोकं असतात: ऑक्सिजनला दुसऱ्या आणि पाचव्या जागी, नायट्रस ऑक्साइडला तिसऱ्या आणि पाचव्या. मशीनवरच्या खिळ्या त्याच जागी बसवलेल्या असतात. डॉक्टर कितीही दमलेला असो, लेबल पुसलेलं असो, चुकीचा सिलिंडर बसतच नाही. माणसाच्या सावधपणावर भिस्त न ठेवणारी ही युक्ती मला कुठल्याही भित्तिपत्रकापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

चुंबकाच्या बाबतीत तिची जागा घेतो अॅल्युमिनियमचा सिलिंडर. त्याचा रेग्युलेटरही (वायूचा दाब आवरणारा भाग) चुंबकाला न ओढला जाणारा हवा, ही बाब खरेदीत सहज निसटते. असे दोन सिलिंडर एमआरआय विभागात आणून ठेवले म्हणून भागत नाही, कारण पेशंट वॉर्डातून निघतो तो पोलादी सिलिंडर लावूनच. अदलाबदल तिसऱ्या टप्प्याच्या अलीकडे व्हायला हवी. स्ट्रेचर आणि व्हीलचेअरचीही तीच गत. आणि ही अदलाबदल करायला तिथं नेमलेला माणूस रात्रपाळीलाही हवा.