आठ ट्रॅकचा आकडा आला कुठून?

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न आजही तोच असतो: ट्रॅक किती मिळतात? २००० साली आलेल्या ‘प्रो टूल्स फ्री’ या मोफत आवृत्तीत आवाजाचे ८ ट्रॅक मिळायचे. २०२२ साली आलेल्या ‘प्रो टूल्स इन्ट्रो’ या तशाच मोफत आवृत्तीतही आवाजाचे ट्रॅक ८च आहेत. मधल्या बावीस वर्षांत संगणक कुठल्या कुठे गेला, आकडा मात्र शेवटी पुन्हा आठवरच आला. ही मर्यादा यंत्राची की विक्रीची, हा वाद त्यातूनच निघतो. त्यात ‘ट्रॅक’ हा शब्दही प्रत्येक पिढीत वेगळ्या अर्थाने वापरला गेल्यामुळे गुंता वाढला.

टेपवर ट्रॅक म्हणजे खरोखरची पट्टी. १९७९ साली साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारी ‘पोर्टास्टुडिओ’ आली तेव्हा पट्ट्या चारच होत्या, कारण टेपची रुंदीच तेवढी. पाचवं वाद्य हवं असेल तर भरलेले तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा वापरायला काढायचे. याला ‘बाउन्स’ म्हणत. दर फेरीला खरखर वाढायची, आणि एकदा मिसळल्यावर ‘ड्रम जरा कमी करा’ म्हणायची सोय उरत नसे.

संगणकावर हा शब्द आला तो आवाजाशिवायच. १९८३ साली मिडी, म्हणजे वाद्यं नि संगणक यांच्यातली सूचनांची भाषा, ठरलं आणि १९८५च्या अटारी एसटी या संगणकाला मिडीची खाच जन्मजात होती. तिथल्या ट्रॅकमध्ये फक्त सूचना असत: कीबोर्डची कोणती पट्टी दाबायची, केव्हा, किती जोरात (० ते १२७). अशा सूचना कितीही भरा, यंत्राला त्याचं ओझं जवळपास होत नाही. खरा आवाज साठवणं मात्र महाग होतं. १९९१ साली ‘प्रो टूल्स’ आलं ते चार ट्रॅक घेऊन, म्हणजे कॅसेटइतकेच. पुढे मिडी आणि आवाज दोन्ही एकाच पडद्यावर, एकाखाली एक ओळीत दिसू लागले आणि दोघांनाही ‘ट्रॅक’च म्हटलं गेलं. ‘फ्री’ आवृत्तीत आवाजाचे ८ आणि मिडीचे ४८ असं वाटप होतं. कोणता ट्रॅक जड नि कोणता हलका, ते या दोन आकड्यांतच दिसतं.

सगळ्यात जास्त खडाजंगी झाली ती सॉफ्टवेअरला यंत्राच्या दावणीला बांधण्याच्या निर्णयावरून. ‘फ्री’ सोडलं तर ‘प्रो टूल्स’ बराच काळ ठरावीक कार्ड किंवा ठरावीक इंटरफेस (माइक नि संगणक यांच्यामधली पेटी) जोडल्याशिवाय उघडतच नसे. कंपनीची बाजू खोटी नव्हती. कार्डावरच्या चिपा हिशेबाचं काम स्वतः करत, त्यामुळे संगणक कितीही दमला तरी ठरलेले ट्रॅक वाजणारच याची हमी असे. शिवाय गायकाला स्वतःचा आवाज कानात जवळपास त्याच क्षणी ऐकू येई. नुसत्या संगणकावर आवाज आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबतो. १,०२४ सॅम्पलचा (आवाजाच्या मोजणीचा) बफर म्हणजे सेकंदाला ४४,१०० मोजण्या धरल्या तर एका दिशेने सुमारे २३ मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन दुप्पट. एवढ्या उशिराने ऐकू आलं की लय हमखास सुटते.

पण हे समर्थन चिपांच्या महाग कार्डांना लागू होतं. स्वस्त ‘एलई’ आवृत्तीत असं कार्ड नव्हतंच, सगळं काम संगणकच करत होता. तरी तिला कंपनीचाच इंटरफेस लागे आणि ट्रॅक ३२वर थांबत, २००८मध्ये ते ४८ झाले. २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला साधारण १३२ किलोबाइट मागतो. ३२ ट्रॅक म्हणजे सव्वाचार मेगाबाइटच्या आसपास. त्या काळच्या साध्या डिस्कलाही हे झेपत होतं. त्यामुळे इथे यंत्राचं कारण पुढे करणं पटत नाही. १९९६च्या ‘क्युबेस व्हीएसटी’ने खास चिपांशिवाय इफेक्ट चालवून दाखवले होते, आणि २००५ नंतर आलेल्या ‘रीपर’ने तर ट्रॅकवर आकडाच घातला नाही. ‘प्रो टूल्स’ची दावण २०१०मध्ये, नवव्या आवृत्तीत सुटली.

सुटली ती एकच. ‘प्रो टूल्स’मध्ये तयार गाणं फाइलमध्ये उतरवायला ते पूर्ण लांबीचं वाजू द्यावं लागे. सहा मिनिटांच्या गाण्याला सहा मिनिटं. ही अट २०१३पर्यंत टिकली. ‘ऑडॅसिटी’ मोफत आणि ट्रॅकच्या बाबतीत उदार, पण २०२२पर्यंत तिच्यात इफेक्ट थेट आवाजातच मुरवावा लागे, नंतर तो हलवायची सोय नसे. त्याआधी २००२मध्ये ‘लॉजिक’ विकलं गेलं आणि त्याची विंडोज आवृत्ती बंद पडली. २०१७मध्ये ‘सोनार’चं काम थांबलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ते मोफत वाटलं, म्हणजे आदल्या वर्षी पैसे मोजणाऱ्यांची पंचाईतच. २०१९मध्ये मॅकने ३२ बिटचे प्रोग्रॅम नाकारले आणि कित्येकांचे जुने प्लगइन (सॉफ्टवेअरला वरून जोडलेले इफेक्ट नि वाद्यं) एका अपडेटमध्ये गेले. या मर्यादा खरेदीच्या वेळी पेटीवर छापलेल्या नसतात. ट्रॅकचा आकडा तेवढा छापलेला असतो.

आठ ट्रॅकवाले तेव्हाही अडून बसले नाहीत नि आताही बसत नाहीत. भरलेले ट्रॅक मिसळून एक फाइल करायची, ती नव्या प्रोजेक्टमध्ये आणायची आणि उरलेल्या सात ट्रॅकवर पुढचं भरायचं. टेपवाली खरखर तेवढी गेली. प्रोसेसर दमला की ट्रॅक ‘फ्रीझ’ करतात, म्हणजे इफेक्टसकट त्याची तात्पुरती फाइल करून तीच वाजवतात, तोही बाउन्सचाच भाऊ. सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तर काम आणखी किचकट होतं, कारण एकाची प्रोजेक्ट फाइल दुसरा सहसा उघडत नाही. २०२३मध्ये त्यासाठी ‘डॉ-प्रोजेक्ट’ हा खुला फॉरमॅट आला, पण तो मोजक्याच प्रोग्रॅमना समजतो. बाकीचे प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सलग वेव्ह फाइलमध्ये उतरवतात आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक मांडतात.