कडा चढून पोट भरतं का? बेळगावकडून पाहिलेली पार्श्वभूमी

बेळगावच्या पश्चिमेला काळा कातळ आहे, पूर्वेला तांबडा. दख्खनच्या लाव्हाची दक्षिणेकडची कड आमच्याच जिल्ह्यात संपते. चंदगडकडे गेलात की सह्याद्रीचा बेसाल्ट, आणि गोकाकच्या धबधब्यापाशी उभे राहिलात की त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म. तोच वालुकाश्म पुढे बदामीला उभ्या भिंती होऊन तलावाभोवती उभा आहे. प्रस्तरारोहण हा पेशा कुठून आला आणि इथल्या पोरांपर्यंत कसा पोचला, हे या दोन दगडांशिवाय नीट सांगता येत नाही.

काळ्या दगडाची परंपरा जुनी. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले. घोरपडीची गोष्ट मानायची की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. दोर लावून चढणारी माणसं तेव्हा होती, एवढं मला पुरतं. तानाजींचा मुलगा रायबा ज्या पारगडावर राहिला, तो आमच्या शेजारच्या चंदगड तालुक्यात. दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात, त्यामुळे कड्याचं वेड इथं वेगळं शिकवावं लागत नाही. पण ते वेड रविवारचं. सह्याद्रीचा बेसाल्ट ठिसूळ, मधूनच घसारा, मधूनच गवत. तिथं हातोडा, पिटॉन (कपारीत ठोकायची लोखंडी पट्टी), मेखा, सुळका सर करून खाली उतरणं आणि सोमवारी पुन्हा कामावर जाणं, ही रीत. कडा चढण्याचा पगार घेणारी आमच्या ओळखीची माणसं म्हणजे लष्करातली. बेळगावात 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि इथलं कमांडो प्रशिक्षण देशभर माहीत आहे. त्यात दोर आणि कडा हे कामच असतं.

छंदाचा पेशा झाला तो युरोपात, आणि माझ्या मते तो धाडसामुळे झाला नाही, बोल्टमुळे झाला. दोर अडकवायला दगडात आधीच ठोकलेले बोल्ट असले की पडण्याची भीती कमी होते. मग एकच अवघड चाल पुन्हा पुन्हा करून बघता येते. 1985 मध्ये इटलीतल्या बार्दोनेक्कियाला स्पर्धा भरली, 1989 पासून विश्वचषक मालिका सुरू झाली. जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिशनं बोटांच्या ताकदीसाठी लाकडी पट्ट्यांचा कॅम्पस बोर्ड बनवला आणि 1991 मध्ये ‘अ‍ॅक्शन डायरेक्ट’ हा मार्ग चढला. आज त्याची श्रेणी, म्हणजे मार्ग किती अवघड त्याचं माप, 9ए धरतात; आकडा जितका मोठा तितका मार्ग अवघड. हॉलिवूडमध्ये नट सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या जागी कड्यावर लटकण्याचं कामही त्यानं केलं. 1992 मध्ये तो मोटार अपघातात गेला.

1985 मध्येच अमेरिकेत अलेक्स होनॉल्डचा जन्म झाला. सामान्य वाचकाला व्यावसायिक क्लाइंबर म्हटल्यावर तोच आठवतो. 3 जून 2017 रोजी कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन या कड्याची सुमारे 900 मीटरची भिंत तो दोराशिवाय 3 तास 56 मिनिटांत चढला. ती व्हिडिओ बघून हुरळणाऱ्या पोरांना एक सांगायला हवं: तोच मार्ग त्यानं आधी दोर लावून कितीतरी वेळा घोटला होता, आणि त्याआधीची कैक वर्षं व्हॅनमध्ये राहून काढली होती. प्रायोजक नंतर आले.

आता तांबड्या दगडाकडे. बेळगावहून बदामी सुमारे दीडशे किलोमीटर. चालुक्यांनी सहाव्या शतकात तिथं लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यात इ. स. 578 चा शिलालेख आहे. ज्या गुणामुळे ती लेणी कोरता आली, तोच आज चढणाऱ्याच्या कामी येतो: दगड एकसंध, थरांच्या आडव्या खाचा बोटांना धरायला मिळतात, आणि वरचे थर बाहेर झुकलेले. देशी-परदेशी क्लाइंबर्सनी तिथं बोल्ट ठोकून मार्ग तयार केले. त्यातला ‘गणेशा’ 8बी+ श्रेणीचा, देशातल्या सर्वांत अवघड मार्गांपैकी एक. पुण्याच्या तुहिन सातारकरनं तो चढला आणि मराठी घरातला पोरगा हाच पेशा करू शकतो, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा पटलं. हिवाळ्यात बदामीला गेलात तर भिंतीखाली पुणे-मुंबईची मराठी, बेंगळुरूची कन्नड आणि फ्रेंच, सगळं एकत्र ऐकू येतं. लेण्यांचा परिसर संरक्षित आहे, तेव्हा कुठं चढायचं आणि कुठं नाही याचं भान ठेवावंच लागतं. उन्हाळ्यात मात्र दगड इतका तापतो की हात लावणं नको होतं.

पदकांचं गणित मात्र दगडावर चालत नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा खेळ आला, 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही आला. पॅरिसला 2024 मध्ये स्पीड प्रकार वेगळा झाला आणि इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोनं 15 मीटरची भिंत 4.75 सेकंदांत चढून सुवर्ण घेतलं. ही भिंत जगात सगळीकडे सारखीच असते, होल्डही (हातापायांना धरायचे खुंट) ठरलेल्या जागीच. नवी मुंबईत 2016 आणि 2017 मध्ये बोल्डरिंगचा (दोराशिवाय, कमी उंचीच्या भिंतीवर चढण्याचा प्रकार) विश्वचषक झाला, तोही कृत्रिम भिंतीवरच. म्हणजे बदामी उंबऱ्याशी असूनही आमच्या पोराला स्पर्धेच्या सरावासाठी बहुधा पुणे किंवा बेंगळुरूच गाठावं लागतं. खोलीभाडं, बूट, दोर, प्रवास. त्यात बोटांचे स्नायुबंध दुखावले की महिनोन्महिने घरी बसायचं. वडील ‘पुढं काय?’ विचारतात ते उगाच नाही.

भारतात निव्वळ प्रायोजकांवर जगणारे क्लाइंबर हातावर मोजण्याइतके. बाकीच्यांची कमाई जोडून-जोडून होते. कुणी जिममध्ये शिकवतं, कुणी स्पर्धेसाठी भिंतीवर होल्ड लावून मार्ग रचतं, कुणी बदामीला येणाऱ्यांना दोर लावून देतं. आणि एक काम तर आमच्याच जिल्ह्यातलं: सौंदत्तीकडच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि अशा पवनचक्क्यांची पाती दोरावर लटकून तपासायला, दुरुस्त करायला दोरकामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली माणसं लागतात.