एजंटचा महारेरा नंबर तपासताना नेमकं काय पाहायचं

नव्या प्रकल्पातला फ्लॅट एजंटमार्फत घ्यायचा तर त्या एजंटची महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी हवी. रेरा कायद्याच्या कलम 9 नुसार नोंदणीशिवाय त्याला अशा प्रकल्पात मध्यस्थी करता येत नाही. कलम 10 नुसार नोंदणी बंधनकारक असून ती न झालेल्या प्रकल्पातली घरंही त्याला विकता येत नाहीत. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं, तरी तपासणी चुकतेच.

पहिली चूक नंबरातच होते. ‘तुमचा रेरा नंबर?’ असं विचारलं की समोरचा ब्रोशरवर बोट ठेवतो. तिथला ‘पी’ने सुरू होणारा नंबर प्रकल्पाचा. जाहिरातीतला क्यूआर कोडही प्रकल्पाचाच. एजंटचा स्वतःचा नंबर ‘ए’ने सुरू होतो. तो नसेल तर बिल्डर कितीही नामांकित असो, मधल्या माणसाची नोंदणी झालेली आहे असं मानू नका.

‘ए’ नंबर मिळाला की महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत तो शोधायचा. दोन मिनिटांचं काम. नावाने शोधणाऱ्यांना मात्र घाम फुटतो, कारण दुकानाच्या पाटीवर ‘अमुक प्रॉपर्टीज’ असतं आणि नोंदणी मालकाच्या वैयक्तिक नावावर. पाटीचं नाव सापडलं नाही म्हणजे लगेच फसवणूक नव्हे. नंबरच मागा आणि यादीत येणारं नाव समोरच्या माणसाच्या ओळखपत्राशी ताडून पाहा. एकाच नंबरावर चार ‘पार्टनर’ फिरताना दिसतात. त्यातला कोणी फर्मचा माणूस असल्याचं सांगत असेल तर फर्मच्या लेटरहेडवर तसं लिहून मागायला संकोच कसला?

नोंदणीची मुदत 5 वर्षांची. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र 2017 किंवा 2018 चं असेल आणि नूतनीकरण झालं नसेल तर ते आता शोभेपुरतं. पण केवळ कागदावरच्या तारखेवरही विसंबू नका. जानेवारी 2024 पासून जुन्या एजंटांनाही प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळवणं सक्तीचं झालं. ते न घेतल्यामुळे त्याच वर्षी सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली. त्यांच्यातल्या कित्येकांच्या हातातल्या कागदावर मुदत शिल्लकच दिसत असणार! म्हणून ऑनलाइन स्थिती पाहायची, आणि पाहायची ती बुकिंगच्या दिवशी. त्याच दिवशी त्या पानाची तारखेसह प्रिंट काढून ठेवा. सहा महिन्यांनी पान उघडलं तर तेव्हाची स्थिती दिसेल, तुम्ही पैसे दिले त्या दिवशीची नव्हे.

जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट किंवा भाड्याचं घर शोधून देणाऱ्याला ही नोंदणी लागत नाही. तिथे ‘रेरात नाही’ म्हणून महारेराकडे तक्रार केली तर ती टिकणार नाही. त्या वादांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे कारण घडल्यापासून 2 वर्षांत जावं लागतं.

आता तो कागद, जो जवळजवळ कोणाकडेच नसतो: दलालीची पावती. पैसे रोख किंवा यूपीआयने गेलेले, कुणाच्या तरी मेव्हण्याच्या खात्यात, आणि पुरावा म्हणून ‘ओके सर’ एवढाच मेसेज. यावरून हा माणूस या फ्लॅटचा एजंट होता हे कसं सिद्ध करणार? पावतीवर असा मजकूर हवा: ‘प्रकल्प नोंदणी क्र. पी…, बी विंग, सदनिका 704 च्या खरेदीत मध्यस्थीबद्दल रु. 85,000 चेक क्र. … ने मिळाले.’ खाली एजंटचं पूर्ण नाव, ‘ए’ नंबर, तारीख, सही. दलालीचा दर रेरा कायद्याने ठरवलेला नाही, त्यामुळे बोलणी झाली तशी लिहून घ्या. नव्या प्रकल्पात एजंटची दलाली बहुधा बिल्डर देतो. तुमच्याकडेही मागत असेल तर कशाबद्दल ते विचारा. वर 18 टक्के जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. तो नसेल तर तो कर कुठे जातो हे त्यालाच विचारायचं.

टोकनची रक्कम एजंटच्या खात्यात देऊ नका, ‘आज ऑफर संपतेय’ असं कितीही सांगितलं तरी. चेक बिल्डरच्या नावे, प्रकल्पाच्या खात्यातच. शिवाय नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरलाही घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही (कलम 13). ‘आधी 20 टक्के भरा, मग ॲग्रीमेंट’ असं सांगणारा एजंट नोंदणीकृत असला तरी तिथून उठा.

महारेराकडे तक्रार कलम 31 खाली ऑनलाइन होते, शुल्क 5,000 रुपये. सोबत दोन्ही नंबर, बुकिंग फॉर्म, पावती, बँकेचा उतारा आणि एजंटने पाठवलेल्या जाहिराती जोडा. मेसेजचे स्क्रीनशॉट काढताना वर मोबाइल नंबर आणि तारीख दिसू द्या. नुसतं ‘राहुल ब्रोकर’ अशा सेव्ह केलेल्या नावाने काही सिद्ध होत नाही. दंडाचे पैसे आपल्याला मिळतील हा आणखी एक गैरसमज: कलम 9 किंवा 10 मोडणाऱ्या एजंटला कलम 62 खाली होणारा दंड दिवसाला 10,000 रुपये, घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, पण तो सरकारजमा होतो. आपल्याला काय हवं आहे, पैसे परत की आणखी काही, हे अर्जातल्या मागणीच्या रकान्यात आकड्यासह वेगळं लिहावं लागतं. तिथे ‘योग्य तो न्याय मिळावा’ एवढंच लिहू नका.